कुरणापासून सरोवरापर्यंत : जमीन-पाण्याच्या नियमांचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मधोमध टाउपो नावाचे सरोवर आहे. क्षेत्रफळ सुमारे ६१६ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खी बृहन्मुंबई त्यात मावेल आणि वर थोडे पाणी उरेल. ते इतके नितळ आहे की काळी-पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली तर चौदा-पंधरा मीटरपर्यंत दिसत राहते. या सरोवराच्या पाणलोटातल्या एखाद्या कुरणात आज एक गाय मुतली, तर त्या मुतातले नत्र सरोवरात कधी पोहोचेल? या विषयाकडे नव्याने येणाऱ्यांना मी आधी हा प्रश्न विचारतो. बहुतेक जण काही दिवस असे सांगतात. एखादा धीट असेल तर एक पावसाळा म्हणतो. खरे उत्तर आहे काही दशके, आणि पाणलोटाच्या काही भागांत शंभर वर्षांच्याही पुढे.

नियम माणसाच्या कृतीवर लावायचा असतो. मोजणी मात्र परिणामाची करावी लागते. या दोहोंच्या मध्ये माती, खडक, भूजल आणि काळ पसरलेला असतो. त्या मधल्या जागेत काय होते, ते कसे ओळखायचे, आणि पुरते ओळखता येत नसताना नियम कसा लिहायचा, या प्रश्नांभोवती जी ज्ञानशाखा वाढली तिच्या दाराशी तुमचे स्वागत आहे. ती निम्मी कायद्याची, निम्मी मृदाशास्त्राची आणि निम्मी राजकारणाची आहे. बेरीज एकाहून जास्त होते, पण या विषयात हिशेब बऱ्याचदा असाच लागतो.

न्यूझीलंड का निवडावे, असे कोणी विचारील. त्या देशाने १९८९ मध्ये एक धाडस केले. स्थानिक कारभाराची फेररचना करताना आठशेहून अधिक लहानमोठ्या संस्था मोडून शंभराच्या आत आणल्या आणि त्यांत प्रादेशिक परिषद नावाचा एक स्तर तयार केला. या परिषदांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोटांवरून आखल्या. जे पाणी एका नदीला मिळते ती जमीन शक्यतो एकाच परिषदेकडे, असे सूत्र ठरले. आज अशा अकरा परिषदा आहेत. ऑकलंड, गिस्बर्न, मार्लबरो अशा काही ठिकाणी महापालिका आणि प्रादेशिक परिषद ही दोन्ही कामे एकच संस्था करते. रस्ते, बांधकाम परवाने, गावाचा पाणीपुरवठा हे जिल्हा किंवा शहर परिषदेचे काम. नदी, भूजल, माती, हवा आणि किनारा हे प्रादेशिक परिषदेचे. आपल्याकडे जिल्ह्याची सीमा कित्येकदा नदीच्या मधोमध जाते आणि दोन काठांना दोन जिल्हाधिकारी असतात. त्यामुळे नदीच्या पाणलोटावरून कारभार आखणे मराठी वाचकाला सुरुवातीला कवीकल्पनाच वाटते.

ही कल्पना मात्र पुराच्या चिखलातून वर आलेली आहे. १९३८ च्या एप्रिलमध्ये हॉक्स बे भागातल्या एस्क नदीच्या खोऱ्यात मोठा पूर आला आणि शेते, कुंपणे, घरे गाळाखाली गेली. डोंगरावरचे जंगल तोडून मेंढ्यांसाठी कुरणे केली होती, त्याची ही किंमत होती. १९४१ मध्ये मृदसंधारण आणि नदी नियंत्रणाचा कायदा आला आणि पाणलोट मंडळे स्थापन झाली. वरच्या डोंगराला सोडून खाली नदीला बांध घालणे व्यर्थ आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. पुढे १९८८ च्या मार्चमध्ये बोला चक्रीवादळाने पूर्व किनाऱ्यावरचे डोंगर पुन्हा सोलून काढले, तेव्हा उतारांवर पाइन वृक्षांची लागवड करण्याला जोर आला. ती झाडे वाढली, तोडली गेली, आणि तोडीनंतर उतारावर राहिलेले ओंडके व फांद्या पुरात वाहून खालच्या पुलांवर आणि समुद्रकिनाऱ्यांवर आदळू लागल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळात हे सगळ्या देशाने पाहिले, आणि त्याच वादळात ते एस्क खोरे पुन्हा गाळाखाली गेले. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्याने एका पिढीचा इलाज पुढच्या पिढीच्या तक्रारींच्या यादीतही शोधावा.

१९९१ चा संसाधन व्यवस्थापन कायदा हा या विषयाचा कणा. तो लांबलचक आहे आणि वाचायला रुक्ष, पण त्यातल्या दोन-तीन कलमांत एक विलक्षण विचार दडला आहे. जमिनीच्या वापराबद्दल नववे कलम सांगते की नियमाने मनाई केली नसेल तर मोकळीक आहे. पाणी उचलण्याबद्दलचे चौदावे आणि सांडपाणी किंवा दूषित द्रव्य सोडण्याबद्दलचे पंधरावे कलम नेमके उलटे चालते: नियमाने किंवा परवान्याने मुभा दिली नसेल तर मनाई. घरगुती वापराला, जनावरांच्या पिण्याला आणि आग विझवायला लागणारे पाणी तेवढे सोडलेले आहे. म्हणजे एकच शेतकरी आपल्या बांधाच्या आत जमिनीचा धनी म्हणून उभा असतो आणि त्याच बांधाच्या आत पाण्याच्या बाबतीत परवानगी मागणारा असतो. जमीन त्याची, तिच्यातून झिरपणारे पाणी मात्र त्याचे नाही. पुढची सगळी भांडणे या एका फटीतून निघतात. कुरणात खत टाकणे हा जमिनीचा वापर की पाण्यात दूषित द्रव्य सोडणे? वकिलांची कित्येक वर्षे या प्रश्नावर गेली आहेत, आणि मला तो अजूनही गंमतीचा वाटतो.

नियमांना परिषदेच्या आराखड्यात जागा मिळते. तिथे प्रत्येक कृती सहापैकी एका वर्गात बसवलेली असते. एका टोकाला अटी पाळल्या तर परवाना न घेताच करता येणाऱ्या कृती, दुसऱ्या टोकाला पूर्ण बंदी असलेल्या कृती; मध्ये परवाना द्यावाच लागतो अशा, परिषदेच्या विवेकावर सोडलेल्या, आणि अगदी अपवादानेच परवाना मिळेल अशा पायऱ्या. नवख्या वाचकाला बंदी असलेला वर्ग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनुभवी माणूस आधी परवाना न लागणारा वर्ग वाचतो, कारण देशातले बहुतेक शेतीकाम त्या वर्गात चालते आणि नद्यांचे बरेवाईट तिथल्या अटींवरून ठरते. गोठ्यातले सांडपाणी कुरणावर शिंपडताना साचू द्यायचे नाही, ओढ्यापासून इतके मीटर अंतर ठेवायचे, पाऊस पडत असताना शिंपडायचे नाही, असल्या अटी. वाचायला किरकोळ, पाळायला कठीण, आणि पाळल्या की नाहीत हे तपासायला त्याहून कठीण. अशा कृतींची मुभा किती सैल असावी यालाही कायद्याने एक तळ घातला आहे. मूळच्या सत्तराव्या कलमानुसार, पाण्यात मिसळल्यानंतर त्याचा रंग किंवा नितळपणा ठळकपणे बदलेल, त्याला घाण वास येईल, ते जनावरांना पिण्याजोगे राहणार नाही किंवा जलजीवांवर मोठा वाईट परिणाम होईल अशा विसर्गाला परिषदेला नियमानेही मोकळीक देता येत नसे. डोळे, नाक, गाय आणि पाण्यातले किडे असे चार साक्षीदार कायद्याने नेमून ठेवले आहेत.

आता टाउपोकडे परत येऊ, कारण नियम आणि मोजणी यांची गाठ तिथे जशी पडली तशी क्वचितच कुठे पडली असेल. सरोवराभोवतीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची आणि प्युमिस नावाच्या सच्छिद्र दगडाची. कितीतरी वर्षे तिथे जनावर टिकत नसे. चारा असूनही गुरे-मेंढ्या खंगून मरत. मातीत कोबाल्ट कमी आहे हे १९३० च्या दशकात कळले, खतातून कोबाल्ट देऊ लागले आणि झुडपी रान भराभर कुरणात बदलले. आता त्या मातीचा दुसरा गुण पुढे आला: पाणी तिच्यातून सरसर खाली उतरते. गायी तिथे बारमाही उघड्या कुरणात चरतात. आपल्यासारखा बंदिस्त गोठा क्वचितच, दूध काढायची शेड तेवढी असते. गाय एका जागी मुतते तेव्हा त्या हातभर जागेवर हेक्टरी सातशे ते हजार किलोच्या हिशेबाने नत्र पडते. आडसाली उसाला आपल्याकडे हेक्टरी चारशे किलो नत्राची शिफारस असते, तीही हप्त्याहप्त्याने द्यायची. एवढ्या मुताचे नत्र गवताला पचत नाही. ते नायट्रेट होऊन पावसाबरोबर भूजलात जाते आणि भूजल सावकाश सरोवराकडे सरकत राहते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस सरोवराच्या पाण्यात बदलाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी जे सांगितले ते कोणालाही रुचणारे नव्हते. टाउपोत शेवाळाची वाढ नत्राच्या टंचाईने रोखलेली आहे. नत्र वाढले की नितळपणा जाणार. सरोवरात सध्या येणारे पाणी अनेक दशकांपूर्वी पडलेले आहे, त्यामुळे आजच्या गायींचा हिशेब अजून यायचाच आहे. उद्या सकाळी सगळी गुरे हलवली तरी पाणी काही काळ बिघडतच जाईल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. इथे उलटे झाले होते, आडात भरून ठेवलेले होते आणि पोहऱ्यात ते पुढे येणार होते.

वायकाटो प्रादेशिक परिषदेने २००५ मध्ये आराखड्यात बदल प्रस्तावित केला. पाणलोटातल्या प्रत्येक शेताला नत्राची कमाल मर्यादा घालायची आणि ती पुन्हा वाढू द्यायची नाही. २००१ ते २००५ या काळातल्या सर्वाधिक झिरपलेल्या वर्षावरून शेताचा वाटा ठरणार, आणि एकाला आपला वाटा दुसऱ्याला विकता येणार. प्रकरण पर्यावरण न्यायालयात गेले आणि नियम पक्के व्हायला २०११ उजाडले. शेताशेतांतून पसरून झिरपणाऱ्या नत्रावर मर्यादा घालून तिची खरेदी-विक्री करू देणारी जगातली ही पहिली व्यवस्था असे तिच्याबद्दल म्हटले जाते. सोबत २००७ मध्ये एक विश्वस्त निधी उभारला गेला, सुमारे आठ कोटी न्यूझीलंड डॉलरचा. त्यात केंद्र सरकार, प्रादेशिक परिषद आणि टाउपो जिल्हा परिषद यांचा ४५, ३३ आणि २२ टक्के वाटा. मनुष्याने घडवलेल्या नत्रापैकी पाचवा हिस्सा, १७० टन, कायमचा बाजूला काढणे हे या निधीचे काम होते. जमिनी विकत घेऊन किंवा मालकांशी करार करून कुरणांच्या जागी झाडे लावली गेली. २०१५ पर्यंत त्या १७० टनांचे करार पुरे झाले. सरोवराचे पाणी २००१ च्या पातळीला कधी येईल? आराखड्यात लिहिलेले साल आहे २०८०.

ही यशाची कथा म्हणून शिकवली जाते आणि ती तशी आहेही. पण तिच्यात एक काटा आहे आणि तो झाकून पुढे जाऊ नये. वाटा ठरवताना जो आधी जास्त झिरपवत होता त्याला जास्त मिळाले. सरोवराचा तळ आणि भोवतालची पुष्कळ जमीन न्गाती तुफारेतोआ या माओरी वंशसमूहाची. त्यांच्या न्यासांची बरीच जमीन झाडांखाली किंवा विकासाविना होती, म्हणून त्यांचा वाटा तुटपुंजा ठरला. सरोवर स्वच्छ राखण्याचे काम इतकी वर्षे ज्यांच्या जमिनीने केले त्यांनाच पुढे गायी ठेवायला वाव कमी मिळाला. जुन्या वापरावर हक्क बेतण्याची ही रीत सोपी असते, भांडणे कमी करते, म्हणून परिषदांना भुरळ घालते. माझ्या मते ती या सगळ्या क्षेत्राची सर्वांत मोठी नैतिक ढिलाई आहे. मर्यादा घालणे हे शास्त्राचे काम झाले. मर्यादेतला वाटा कोणाला किती, हे शास्त्र सांगू शकत नाही, आणि तसे सांगितल्याचा आव आणला की संशय घ्यावा.

झिरपणारे नत्र दिसत नाही, मग शेताचा आकडा येतो कुठून? तो मोजत नाहीत, काढतात. ओव्हरसीअर नावाचे एक संगणकीय प्रतिमान आहे. मुळात ते शेतकऱ्याला खताचा हिशेब करता यावा म्हणून बनवले होते. किती जनावरे, कोणती माती, किती पाऊस, किती युरिया अशी माहिती भरली की वर्षाला हेक्टरी किती नत्र निसटते याचा अंदाज ते देते. परिषदांना शेतावर लावता येईल असा आकडा हवा होता आणि हा हाताशी होता. मग अडचण सुरू झाली. प्रतिमान सुधारले की त्याची नवी आवृत्ती निघे, आणि शेतात काडीचाही फरक नसताना त्याच शेताचा आकडा वाढून किंवा घटून येई. आराखड्यात छापलेली मर्यादा मात्र जिथल्या तिथे. होरायझन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानावातू-फांगानुई परिषदेच्या आराखड्यात हे ठळकपणे दिसले. तिथल्या तक्त्यातले आकडे बऱ्याच शेतांना गाठता येईनात, परिषद परवाने देताना सैल होत गेली, आणि २०१७ मध्ये पर्यावरण न्यायालयाने ती स्वतःचाच आराखडा नीट राबवत नाही असे ठरवले. २०१८ मध्ये संसदेचे पर्यावरण आयुक्त सायमन अप्टन यांनी ओव्हरसीअरच्या नियमनातल्या वापरावर कडक अहवाल दिला. हेच अप्टन १९९१ मध्ये पर्यावरणमंत्री म्हणून संसाधन कायदा मंजूर करून घेणारे. स्वतःच्या झाडाची फळे तपासायला परत आलेला माळी या क्षेत्रात दुर्मिळ नाही. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनेही या प्रतिमानाच्या आकड्यांवर नियामकाने भरवसा ठेवावा इतकी खात्री नाही असे म्हटले. इतके होऊनही त्याला टाकून देता आले नाही, कारण त्याच्या जागी बसेल असे दुसरे काही तयार नव्हते.

नदीकडून मोजायला सुरुवात केली तरी मार्ग सोपा होत नाही. देशभरात ७७ ठिकाणी, पस्तीस नद्यांवर, १९८९ पासून दर महिन्याला पाण्याचे नमुने घेतले जाऊ लागले. परिषदांची स्वतःची ठिकाणे त्याहून कितीतरी जास्त. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बाटली भरून घ्यायची म्हणजे पुराच्या त्या दोन दिवसांना बहुधा मुकायचे, आणि गाळ व स्फुरद यांची मोठी ने-आण पुरातच होते. म्हणून बाटलीत सापडलेले प्रमाण आणि नदीने खरोखर वाहून नेलेला बोजा हे दोन वेगळे आकडे आहेत. ही गल्लत करणारे प्रबंध मी तपासले आहेत. पोहण्याजोगे पाणी ठरवताना शंभर मिलिलिटरमागे ई. कोलाय जिवाणूंची संख्या ५४० च्या वर किती वेळा जाते हे पाहतात. अशा एका अंकात वर्षाचे सुखदुःख कोंबलेले असते.

माझा जीव मात्र किड्यांत रमतो. १९८५ मध्ये जॉन स्टार्क यांनी ओढ्यातल्या दगडांखाली राहणाऱ्या जीवांवरून पाण्याची प्रत सांगणारा निर्देशांक मांडला. प्रत्येक जातीला एक ते दहा गुण. तिथल्या थंड वाहत्या पाण्यात सर्रास आढळणाऱ्या एका मेफ्लायच्या अळ्यांना आठ, गांडुळाच्या जातकुळीतल्या जीवांना एक. सरासरी काढून वीसने गुणायचे. १२० च्या आसपास किंवा वर असेल तर पाणी निर्मळ, ८० च्या खाली गेले तर आजारी. बाटलीतले पाणी त्या क्षणाची गोष्ट सांगते. अळी मात्र महिनोन्‌महिने तिथेच राहिलेली असते आणि मधल्या रात्री कोणी काय सोडले हे तिच्या असण्यानसण्यावरून कळते. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात या निर्देशांकासाठी किमान ९० ची रेषा ओढली गेली. धोरणपत्रात अळीला जागा मिळाली, याचा मला अजून आनंद होतो.

याच्या जोडीला आणखी एक मोजणी आहे, जिला अभ्यासक बराच काळ मोजणी मानायला तयार नव्हते. गेल टिपा आणि लॉरेल टिअर्नी यांनी माओरी वडीलधाऱ्यांबरोबर काम करून ओढ्यांचा सांस्कृतिक आरोग्य निर्देशांक तयार केला. या जागेवर लोक पुन्हा येतील का, इथे पूर्वीसारखे अन्न मिळते का, नदीचे रूप आणि आवाज कसा आहे, असे प्रश्न ठरावीक पद्धतीने विचारून गुण द्यायचे. ‘डोंगरापासून समुद्रापर्यंत’ असा माओरी विचार आहे, की पाण्याचा प्रवाह तुकड्यांत पाहायचा नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने पाण्याच्या स्वतःच्या आरोग्याला पहिला, लोकांच्या पिण्याला दुसरा आणि उद्योग-शेतीला तिसरा क्रम देणारी चौकट केली, तिला ‘ते माना ओ ते वाई’ म्हणजे पाण्याची प्रतिष्ठा असे नाव आहे. या क्रमावर नंतरच्या सरकारच्या काळात मोठा वाद झाला.

फांगानुई नदीची गोष्ट वाचकांना बहुधा ठाऊक असेल. २० मार्च २०१७ रोजी तिला कायद्याने व्यक्ती मानणारा कायदा झाला आणि तिच्या वतीने बोलायला दोन माणसे नेमायची ठरले. योगायोग असा की त्याच दिवशी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला व्यक्ती ठरवले.  जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्थगित केला. दोन्हींकडे शब्द एकच, पण एकीकडे दीड शतकाच्या दाव्यांनंतर वाटाघाटींनी लिहिलेला कायदा होता, दुसरीकडे एक आदेश. फरक कुठे पडला हे पाहायचे असेल तर नदीच्या दर्जाच्या घोषणेपेक्षा तिचे पालक कोण, त्यांना पैसे कोण देतो आणि परिषदेच्या आराखड्यात त्यांचे म्हणणे कुठे नोंदले जाते, ही कलमे वाचावीत.

कारभाराच्या कडा जुळल्या नाहीत तर काय होते याचे धडे दोन. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॅवलॉक नॉर्थ या गावात पाच हजारांहून अधिक लोक पोटाच्या विकाराने आजारी पडले. जोरदार पावसात मेंढ्यांच्या कुरणावरची घाण जवळच्या पाण्यात आणि तिथून गावाच्या विंधनविहिरीत गेली होती. भूजलाचे रक्षण प्रादेशिक परिषदेकडे, पाणीपुरवठा जिल्हा परिषदेकडे, आणि चौकशीत दोन्हींचे एकमेकींशी नीट सहकार्य नव्हते असे आढळले. पाणलोटावर सीमा आखली तरी दप्तराच्या सीमा उरतातच. दुसरा धडा कँटरबरीचा. मोठ्या नद्यांच्या रेतीगोट्यांच्या मैदानावर सिंचन आले, मेंढ्यांची जागा दुभत्या गायींनी घेतली, पाणीवाटपाचा निकाल लागेना. २०१० मध्ये सरकारने निवडून आलेली परिषद बाजूला सारून आयुक्त नेमले. पूर्ण निवडणूक २०१९ मध्ये परतली. लोकशाही सावकाश चालते म्हणून तिला हटवायचे का, या प्रश्नाचे उत्तर कँटरबरीच्या मैदानातल्या विहिरींच्या नायट्रेटमध्ये शोधावे लागेल, आणि ते उत्तर कोणत्याही बाजूला पूर्ण समाधान देणार नाही.

आपल्याकडे काय, हा प्रश्न इथे येणारच. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि त्यात पाटबंधारे विकास महामंडळांनाच नदी खोरे अभिकरणे मानले. धरणे बांधणारी यंत्रणाच खोऱ्याची राखणदार झाली. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींत वर्षानुवर्षे पाण्याची पातळी मोजली जाते, म्हणजे मोजणीची परंपरा आपल्याकडे आहे. त्या पातळीला बांधावरच्या माणसाचा नियम जोडलेला नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावात पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात पाण्याचा हक्क जमिनीपेक्षा माणसांवर मोजला होता. टाउपोच्या वाटपाचा काटा ज्यांना टोचला त्यांनी तो प्रयोग जरूर पाहावा. या पुस्तकात मी तुलना एवढ्यावरच ठेवतो. दोन देशांच्या नद्या शेजारी मांडल्या की त्यांतली एक चटकन आदर्श होऊन बसते आणि मग तिच्याकडे कोणी नीट पाहत नाही.

एक गोष्ट सांगायला हवी. ज्या कायद्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याचे स्वतःचे दिवस डळमळीत आहेत. २०२३ मध्ये त्याची जागा घेणारे नवे कायदे झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकार बदलल्यावर ते रद्दही झाले. पुढे आणखी नवी रचना मांडली गेली आणि प्रादेशिक परिषदांवरचे निवडून आलेले सदस्य ठेवावेत की नाहीत, इथपर्यंत चर्चा आली. नियमांचे आकडे या पानांत शिळे होतील. नत्राचा भूजलातला वेग मात्र संसद बदलली म्हणून बदलत नाही. तेव्हा मृदेची आणि भूजलाची प्रकरणे कायद्याच्या प्रकरणांच्या आधी वाचावीत. घाई असेल त्यांनी वर्गवारीचा तक्ता मागून पाहावा. रसायनाचे सूत्र दिसले की डोळे फिरतात अशांनी ते सोडून पुढे जावे, काही बिघडत नाही. उत्तर बेटाचा नकाशा जवळ असू द्यावा. पहिले प्रकरण टाउपोच्या पश्चिमेला, प्युमिसच्या मातीवरच्या एका कुरणात, पाऊस पडत असताना सुरू होते.